जामखोऱ्याचा उजर

"काकाजी, वरचा छापील भाग तं आमच्या गावच्या मास्तरनं वाचला. हे खालचं जे लिवलं हाये, ते कोनाच्यानं वाचनं नाई झालं. तेवढं सांगा."

दुर्गाबाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढून खुशालरावांसमोर जेवणाच्या टेबलावर ठेवला. पहाटेची पहिली बस धरून त्या निघाल्या होत्या आणि अमरावतीला राजापेठेत घर शोधत पोचायला त्यांना अकरा वाजले होते.

खुशालरावांकडे असे कागद येणं आता नवीन नव्हतं. एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. पुढे घरोघरी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणारा म्हातारा एकाएकी कामाचा ठरला. जिन्याशी खालच्या मजल्यावरच्या ट्युशन क्लासच्या पोरांच्या गाड्या उभ्या असत. त्या चुकवत लोक वर येत, पणजोबाची जात विचारून घेत आणि जाताना पाया पडत. खुशालरावांना ते आवडे. बहात्तराव्या वर्षी आपल्या डोळ्यांना किंमत आली, असं ते बायकोला, सुभद्राबाईंना, हसत सांगत.

दुर्गाबाईंचं काम मात्र वेगळं होतं. शेंदूरजनाघाटच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी जामखोरा म्हणून शंभरेक घरांचं गाव आहे. तिथल्या वनहक्क समितीच्या त्या अध्यक्ष. एरवी संत्र्याच्या बागेत तोडणीला जात. गावाच्या उत्तरेला चारशे एकरांचं रान होतं, तिथं गावाची ढोरं चरायची, तिथूनच सरपण यायचं. दोन वर्षांपूर्वी वनखात्यानं कडेनं खोल चर खोदून ते रान बंद केलं. गावानं वनहक्क कायद्याप्रमाणे दावा टाकला, तेव्हा विचारणा झाली की, तीन पिढ्या हे रान तुम्ही वापरता, याला आधार काय? आधार शोधता शोधता शेंदूरजनाघाटच्या एका लाकूड व्यापाऱ्याच्या नातवाकडे हा कागद निघाला. जुनं दुकान पाडताना त्याला तो सापडला होता.

तो इंग्रजी अमदानीतला, १८९१ सालचा लिलावाचा जाहीरनामा होता. मौजे जामखोरा येथील नंबर एकेचाळीसची पडीत सरकारी जमीन आणि तिच्यावरची उभी झाडं, साग, तिवस, धावडा, बिजा, जास्त बोली बोलेल त्याला देण्यात येतील, असं वर छापलेलं होतं. नंबर एकेचाळीस म्हणजे तेच रान. खाली कोण्या कारकुनानं मोडीत दोन ओळी लिहिल्या होत्या. खुशालरावांनी भिंग घेतलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले.

"सदर नंबराविषयी मौजे मजकूरच्या रयतेचा उजर आहे. अर्ज अलाहिदा बस्त्यात ठेविला असे."

"उजर म्हंजे?"

"हरकत. तुमच्या गावच्या लोकांनी तेव्हा लिलावाले हरकत घेतली होती. तसा अर्ज दिला होता. तो वेगळ्या बस्त्यात, म्हंजे कागदाच्या गठ्ठ्यात, ठेवला होता."

दुर्गाबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "म्हंजे तवाबी आमी तितंच होतो. आमचीच ढोरं होती."

"हो."

"मंग तो अर्ज भेटला तं आमचं कामच झालं, काकाजी. तुमी जुन्या कागदाच्याच हापिसात होते ना? कुठं भेटन तो?"

खुशालरावांनी भिंग खाली ठेवलं. तो अर्ज कुठं भेटेल, हे या जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. तो कुठंच भेटणार नव्हता.

"शोधावं लागन," ते म्हणाले.

दुर्गाबाईंनी पिशवीतून चार संत्री काढून टेबलावर ठेवली, वाकून नमस्कार केला आणि दुपारच्या बसनं परत गेल्या.

वीस वर्षांपूर्वी कचेरी नव्या इमारतीत जायची होती. जागा कमी होती, म्हणून जुन्या बस्त्यांची छाननी करून कायम ठेवायचे आणि नष्ट करायचे कागद वेगळे काढायचा हुकूम निघाला. त्या खोलीत मोडी वाचता येणारे एकटे खुशालराव. ते ज्या बस्त्यावर 'अ' लिहीत तो राही, ज्यावर 'ड' लिहीत तो ट्रकमध्ये जाई. पहिले पंधरा दिवस त्यांनी एकेक पान उलटून पाहिलं. मग मे महिना लागला, पत्र्याखालची खोली तापू लागली, वरून रोज विचारणा होऊ लागली. एका शनिवारी दुपारी जामखोऱ्याचा बस्ता हातात आला. वरची दोन पानं वाळवीनं खाल्ली होती. खाली जाड कागदावर लांबलचक अर्ज, आणि त्याच्या शेवटी सह्यांच्या जागी ओळीनं काढलेले नांगर. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची ती सही. पन्नास-साठ नांगर असतील, आणि सगळ्यांत खाली एक छोटी बांगडी. कोणी बाई होती. ती बांगडी पाहून खुशालराव क्षणभर थांबले होते. चांगली गोल काढली होती. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. शेखरला, त्यांच्या मुलाला, कॉलेजच्या प्रवेशासाठी अकोल्याला घेऊन जायचं होतं, चारची गाडी होती. त्यांनी बस्त्यावर 'ड' लिहिलं आणि खोलीला कुलूप लावलं.

असे किती बस्ते गेले असतील, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. आता रोज तोच विचार येऊ लागला.

दुर्गाबाई दोन-तीन दिवसांनी फोन करत. "काकाजी, पत्ता लागला का?" खुशालराव म्हणत, "शोधून राहिलो बाई." एकदा तर त्यांनी खोटंच सांगितलं की, जुन्या इमारतीत जाऊन आलो, अजून एक खोली पाहायची आहे. कुणबी नोंदी घेऊन येणाऱ्यांना त्यांनी तब्येतीचं कारण सांगून परत पाठवायला सुरुवात केली.

सुभद्राबाईंनी तीन-चार आठवडे पाहिलं. मग एका सकाळी त्यांच्या पुढ्यात पोह्यांची ताटली ठेवून त्या समोरच बसल्या.

"कावून असे करून राहिले तुमी? त्या बाईचा फोन आला का तुमचं तोंड उतरते."

खुशालरावांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांनी उन्हाचं सांगितलं, वरच्या घाईचं सांगितलं, वाळवीचं सांगितलं. सुभद्राबाई ऐकत राहिल्या.

"वाचला होता का तुमी तो पुरा?"

"नाई."

"वाचला असता तं ठेवला असता?"

"ठेवला असता."

"मंग तिले सांगा. ती बिचारी गावात सांगत असन, काकाजी शोधून राहिले म्हनून. किती दिवस वाट पायीन?"

त्याच दिवशी अकोल्याहून शेखरचा फोन आला, तर सुभद्राबाईंनी त्यालाही सांगून टाकलं. शेखर एका खाजगी कंपनीत कायद्याचं काम पाहायचा. तो वडिलांना म्हणाला, "बाबा, तोंडी काय सांगायचं ते सांगा. लेखी काही देऊ नका. कायम ठेवायचा कागद नष्ट केला, असं तुमीच लिहून देसान तं उद्या चौकशी लागन. पेन्शन अडकन."

"बरं," खुशालराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, येतो एवढंच दुर्गाबाईंना फोनवर कळवून, त्यांनी वरूडची बस धरली. वरूडहून शेंदूरजनाघाट, तिथून पुढं दुर्गाबाईंचा पुतण्या नितेश गाडीवर घ्यायला आला. रस्त्यानं दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या, मग त्या विरळ झाल्या आणि दगड लागले. नितेश आनंदात होता. "काकाजी सोता आले म्हंजे कागद भेटला," असं त्यानं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. समाजमंदिरात साठ-सत्तर माणसं जमली होती. दुर्गाबाईंनी खुशालरावांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तो काढायला त्यांना सवड मिळाली नाही. हार घालूनच ते बोलले.

"तुमच्या गावचा अर्ज मी पाहिला आहे. वीस वर्षांपूर्वी माझ्या हातात होता. तो ठेवायचा का टाकायचा, हे मलेच ठरवायचं होतं. मी तो न वाचता टाकला. आता तो नाही."

बाहेर एक बकरी ओरडत होती. मग भिंतीला टेकून बसलेले रामराव, गावातले सगळ्यांत वयस्कर, हळूच म्हणाले, "तुमी पायला ना? मंग त्याच्यात सटवाजी असं नाव होतं का? माह्या आज्याचा बाप. तो लय भांडला म्हनते लिलावात."

खुशालरावांना हो म्हणता आलं असतं. रामरावांचं तोंड पाहून त्यांना तसं वाटलंही.

"आठवत नाही, रामराव. नांगर होते पुष्कळ, पन्नासच्या वर. त्याच्या बाजूले नावं होती, पण मी वाचली नाही."

"एकबी नाई?"

"एका बाईची निशाणी होती. बांगडी काढली होती. तेवढं आठवते."

बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. कोण असेल, म्हणून दोघीतिघी आपापल्या घरच्या जुन्या बायांची नावं काढू लागल्या. दोन नावांवर त्यांचा वाद लागला, आणि थोडा वेळ सगळी सभा त्यातच गेली. दुर्गाबाई मात्र दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. नितेशनं विचारलं, "काकाजी, मंग सांगाले कावून आले? चूप राह्यले असते तं कोनाले समजत होतं?"

"बाई फोन करत होत्या," खुशालराव म्हणाले.

सभा उठल्यावर दुर्गाबाई त्यांच्याजवळ आल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. "तुमी मले महिनाभर फिरवलं, काकाजी. मी लोकाइले सांगत राह्यली."

"हो."

"आता हेच सायबासमोर सांगसान का? लिवून देसान?"

"देतो."

सुनावणी डिसेंबरात झाली. खुशालरावांनी प्रतिज्ञापत्र केलं, शेखरला न विचारता. सुनावणी घेणारी अधिकारी तिशीची, शांत बोलणारी मुलगी होती. तिनं प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं.

"काका, यात तुम्ही लिहिलंय की अर्ज तुम्हीच नष्ट केला."

"हो, मॅडम."

"आणि तो तुम्ही पूर्ण वाचला नव्हता."

"नाही वाचला."

"मग त्यात चराईचाच हक्क मागितला होता, हे तुम्ही कशावरून सांगता?"

चौतीस वर्षं ते लोकांना हेच सांगत आले होते की, कागदावर असेल तेवढंच खरं. "नाही सांगू शकत," खुशालराव म्हणाले. "उजर होता, एवढंच सांगतो."

तिनं ते लिहून घेतलं. जाताना ती त्यांच्यासाठी उठून उभी राहिली, पण लिहिलेलं काही बदलणार नव्हतं. मार्चमध्ये निकाल आला. स्मशानाची आणि झऱ्याकडे जाणाऱ्या वाटेची जागा गावाला मिळाली. चराईचा दावा पुराव्याअभावी फेटाळला गेला. त्याच महिन्यात खुशालरावांना त्यांच्या जुन्या कचेरीचं पत्र आलं, खुलासा मागणारं. त्यांनी एका बैठकीत खुलासा लिहिला. ऊन, घाई, वाळवी यांतलं काहीही त्यात घातलं नाही. शेखर पंधरा दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

एप्रिलात ते पुन्हा जामखोऱ्याला गेले. कोणी बोलावलं नव्हतं. दुर्गाबाई तोडणीवरून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी दारात खाट टाकली.

"आता काय काम काढलं, काकाजी?"

"तो नंबर पाहायचा होता. एकेचाळीस."

दुर्गाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पायात चपला सरकवल्या. "चाला."

वाटेनं त्या बोलत गेल्या. लिलाव घेणाऱ्या ठेकेदारानं तीन वर्षांत सगळी झाडं तोडून नेली. मग जमीन काय कामाची, म्हणून सरकारात परत केली. तिच्यावर जे पुन्हा उगवलं ते आपोआप उगवलं, आणि गावाची ढोरं त्यात चरत आली. हे सगळं त्यांना सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं.

चर दिसला. माणसाच्या छातीइतका खोल, सरळ रेषेत टेकडीपर्यंत गेलेला. त्याच्या पलीकडं ओळीनं लावलेली सागाची रोपं होती, आणि मागं जुनं रान. अलीकडं आठ-दहा गायी उभ्या होत्या आणि त्यांच्याजवळ मैनाबाई. खुशालरावांच्याच वयाची, काठी टेकून उभी. ती गावची ढोरं राखायची, त्यामुळे त्या सभेला ती नव्हती. पाव्हण्यांना पाहून तिनं ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या आपल्या कॅनमधलं पाणी लोट्यात ओतून दिलं. खुशालराव उभ्यानंच प्यायले. पाणी थंड होतं.

"कोठचे पाव्हने?" तिनं दुर्गाबाईंना विचारलं.

"अमरावतीचे. कागद वाचते ते."

"असं का. मंग त्याइले सांग ना, कोन्या बाबूनं आपला कागद फेकून देल्ला म्हनते, त्याले धुंडा म्हना."

दुर्गाबाई खाली पाहत राहिल्या. त्यांनी सांगितलं नसतं, हे खुशालरावांना कळलं.

"तो बाबू मीच हो, बाई," ते म्हणाले.

मैनाबाईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांच्या कपड्यांकडे, चपलांकडे, हातातल्या लोट्याकडे. रागाचं काही तिच्या डोळ्यांत दिसलं नाही. फार लांबून आलेल्या, वाट चुकलेल्या माणसाकडे पाहावं तसं ती पाहत होती.

"ऊन लय हाये," ती शेवटी म्हणाली. "डोक्यावर काई घ्या."

तिनं त्यांच्या हातातून लोटा घेतला, उरलेलं पाणी स्वतः प्यायली आणि गायींना हाक मारली. चराच्या काठाकाठानं गायी टेकडीकडे निघाल्या. खुशालरावांनी खिशातला रुमाल काढून डोक्यावर टाकला आणि ते तिच्या मागं, गायींच्या चालीनं, चालू लागले. दुर्गाबाईंनी त्यांना थांबवलं नाही.