इंग्रजीतला ओढा

खर्ड्याच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला असलेल्या खडकाळवाडीत इंग्रजी येणारा माणूस एकच, तो म्हणजे गोरक्ष मास्तर. नगरला राहून बी.ए. झालेला आणि खर्ड्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणारा. गाव त्याला मान देई आणि त्यालाही तो मान आवडे. एक गोष्ट मात्र त्यानं कुणाला सांगितली नव्हती. परीक्षेतली सगळी उत्तरं त्यानं गाईडातून घोकून लिहिली होती. मनातलं एखादं वाक्य इंग्रजीत उतरवायची वेळ आली की तो गाईड उघडायचा.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता. आदल्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती आणि बायका विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरत होत्या. अशात सरपंच आबासाहेब बातमी घेऊन आले. नगरला कुठल्याशा परदेशी संस्थेची बोअर पाडायची गाडी आली होती. कोणत्या गावाला आधी जायचं ते गावानं पाठवलेला इंग्रजी रिपोर्ट वाचून ठरणार होतं.

"गावाची माहिती लिवायची, बास," आबासाहेब म्हणाले. "मास्तर, तुमी हाय म्हनून आपल्याला काळजी न्हाई."

गोरक्ष कागद घेऊन बसला. गावाचं नाव लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं. पाण्याबद्दल काय लिहायचं, कुठून सुरुवात करायची, काही सुचेना. नाही म्हणून सांगावं, तर अब्रू जाणार. शेवटी गाईडातला खेड्यावरचा निबंध त्याच्या मदतीला धावून आला. तो त्याला तोंडपाठ होता. गाव निसर्गाच्या कुशीत वसलेलं आहे, पायथ्याशी ओढा मंजुळ गात वाहतो, आमराया फळांनी लवल्या आहेत, शेतकरी कष्टाळू आणि समाधानी आहेत. ओढ्यात नुसते तापलेले गोटे उरलेत, हे त्याला दिसत होतं. पण इंग्रजीत असंच लिहायचं असतं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि शेवटी, यंदा पाऊस थोडा कमी झाल्यानं जरा गैरसोय आहे, एवढी एक ओळ जोडली.

मारुतीच्या देवळासमोर आबासाहेबांनी गोरक्षला तो रिपोर्ट सगळ्यांना वाचून दाखवायला लावला. कुणाला अक्षर कळलं नाही, पण माना डोलत होत्या. त्याची चुलती झुंबरबाई बायकांत बसली होती. "लई ग्वाड वाटलं रं ऐकाया," ती म्हणाली. गोरक्षनं कागदाची घडी घातली आणि वर पाहिलंच नाही.

पुढं काही दिवसांनी शेजारच्या गावातून यंत्राची धडधड ऐकू येऊ लागली. गाडी तिकडं गेली होती.

"वशिला लावला त्यांनी," आबासाहेब चावडीवर म्हणाले. "न्हाईतर आपला रिपोर्ट काय वंगाळ हुता?"

सगळ्यांनी शेजारच्या गावाला शिव्या घातल्या. गोरक्ष तिथंच बसून होता. खरं काय झालं असेल ते त्याला कळलं होतं.

त्याच आठवड्यात झुंबरबाईचा पाय विहिरीच्या निसरड्या टप्प्यावरून सटकला आणि तिचं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या तेव्हा गोरक्षनं तिचा दंड धरून ठेवला होता. ती कळवळत होती आणि मधूनच त्यालाच धीर देत होती. "तू कशाला रडतू? बरं हुईल."

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि एस.टी.नं नगर गाठलं.

संस्थेचे इंजिनियर चाको साहेब केरळकडचे, मोडक्यातोडक्या हिंदीत बोलणारे. त्यांनी कागदांतून खडकाळवाडीचा रिपोर्ट काढला आणि बोट ठेवून विचारलं, वाहता ओढा आहे, आमराया आहेत, मग तुम्हाला बोअर कशाला हवी?

"ओढा कोरडा आहे, साहेब."

"मग हे कुणी लिहिलं?"

येताना सगळ्या वाटेत त्यानं ठरवलं होतं की मीच म्हणून सांगायचं. पण समोरच्या माणसाच्या नजरेत थट्टा नव्हती, नुसतं नवल होतं, आणि तेच त्याला सोसवेना. तो म्हणाला, "आमचे दुसरे एक मास्तर आहेत. त्यांनी."

चाको साहेबांनी कागद बाजूला सारला. "हा निबंध झाला," ते म्हणाले. "रिपोर्ट वाचणाऱ्यानं गाव पाहिलेलं नसतं. आधी गाव कुठं आहे, केवढं आहे ते सांगा. मग एकेका गोष्टीला वेगळा मथळा द्या. पाणी, माणसं, जनावरं, रस्ता. जे आहे तेवढंच लिहा. चांगलं की वाईट, ते वाचणारा ठरवेल. आणि त्या मास्तरांना सांगा, छोटी वाक्यं चालतात. व्याकरण चुकलं तरी मला समजतं."

गावी परतून गोरक्ष घरोघर फिरला. कोणती विहीर आटली, जनावरं कुणी विकली, बायका कुठून पाणी आणतात, सगळं विचारत गेला. मास्तर गावासाठी उन्हातान्हात हिंडतोय म्हणून लोक त्याला बसायला घोंगडी टाकत, बिनदुधाचा का होईना चहा पुढं करत. तो कप तसाच ठेवून तो उठे. मग त्यानं लिहिलं. विहिरीत पाणी नाही. ओढा कोरडा आहे. एका बाईचं मनगट मोडलं. शाळेतल्या पोरांना जमतील अशीच ती वाक्यं होती, पण त्यानं आयुष्यात स्वतःच्या मनानं इंग्रजीत लिहिलेली ती पहिलीच.

पुढच्या महिन्यात गाडी आली. सगळं गाव जमलं. चाको साहेब स्वतः आले होते. त्यांनी गोरक्षशी हस्तांदोलन केलं, रिपोर्ट छान होता म्हणाले आणि मग सहज विचारलं, "पहिल्या रिपोर्टात वाहता ओढा लिहिणारे ते दुसरे मास्तर कुठं आहेत? त्यामुळंच तर गाडी आधी दुसरीकडं गेली."

लोक एकमेकांकडं बघू लागले. गावात दुसरे मास्तर म्हणजे प्राथमिक शाळेचे मच्छिंद्र गुरुजी. गोरक्षला मुळाक्षरं त्यांनीच शिकवली होती, इंग्रजीचा मात्र त्यांना गंध नव्हता. साहेबांची नजर लोकांच्या रोखानं त्यांच्यावर गेली. गुरुजींनी गोरक्षकडं पाहिलं. त्याचा उतरलेला चेहरा पाहून त्यांना सगळं उमगलं असावं. ते पुढं झाले आणि हिंदीत म्हणाले, "हां साहेब. मेरी गलती थी."

"गुरुजी," आबासाहेबांचा आवाज चढला, "येत न्हाई त्यात हात कशाला घातला तुमी? आन् मास्तर, मी तर तुमास्नी लिवाया सांगितलं हुतं. देवळाफुडं वाचला बी तुमीच ना त्यो?"

गोरक्ष गुरुजींकडं बघत उभा राहिला. गुरुजी मान खाली घालून ऐकत राहिले. कुणीतरी मागून म्हणालं, "त्या बिचारीचा हात मोडला यांच्यापायी."

"गुरुजींनी लिहिला नाही," गोरक्ष म्हणाला. "मी लिहिला. गाईडातला निबंध उतरवला. मला येत नव्हतं. साहेबांशी खोटं बोललो मी."

आबासाहेबांनी टोपी काढली, झटकली आणि परत डोक्यावर ठेवली. "काम चालू करा, साहेब," ते एवढंच म्हणाले. झुंबरबाई कामट्या बांधलेला हात पोटाशी धरून उभी होती.

"येत नव्हतं तर सांगायचं हुतंस," ती म्हणाली. "आमी काय तुला गावाभाईर काढनार हुतो व्हय?"

सांजेच्या सुमाराला पाणी लागलं. आधी गढूळ, मग जरा निवळ. लोक हंडे-कळश्या घेऊन धावले. गोरक्ष तिकडं गेला नाही. गुरुजी घराकडं निघाले तसा तो त्यांच्या मागोमाग चालू लागला.

"गुरुजी, तुम्ही का घेतलंत अंगावर?"

"परक्या माणसापुढं तुझी मान खाली जाताना बघवेना." गुरुजी थांबले नाहीत. "पण तू बोललास ते बरं केलंस. आणखी थोडा वेळ गप्प राहिला असतास, तर मलाही तुझा राग आला असता."

गोरक्ष चालत राहिला. तो बोलला हे खरं होतं. पण त्याआधी गुरुजी मान खाली घालून ऐकत होते आणि तो उभा राहून ते बघत होता. तेवढा वेळ मनातून पुसायचा कसा, हे त्याला काही केल्या उमजत नव्हतं.