हातावर उठलेली शक्ती

उन्हाळा सरत आलेल्या एका रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, नगरपालिकेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर जलबाबा एका प्राध्यापकाचे दोन्ही हात उंच धरून गर्जत होते, "शक्तिजल घेण्यापूर्वी टोचला तो डावा हात कोरा! घेतल्यावर टोचला तो उजवा पाहा! शक्ती उठली! आता कसली औषधं नि कसल्या गोळ्या?"

उजव्या हातावर बटणाएवढी लाल, टणक गाठ होती.

प्राध्यापक जीवशास्त्राचे. भोळेपणा त्यांच्या स्वभावात नव्हता; म्हणूनच ही परीक्षा त्यांनी स्वतः आखून दिली होती. माणूस एकच, सुई तशीच, बाबांच्या कुपीतला टोचायचा थेंबही तोच, फरक फक्त जलाचा. "मी पारखून घेतलं आहे," असे ते ध्वनिक्षेपकातून म्हणाले आणि टाळ्यांनी छत दणाणले.

पहिल्या रांगेत त्यांच्या वहिनी बसल्या होत्या. आईमागे त्यांनीच या दिराला वाढवले होते. क्षयाच्या गोळ्यांनी त्यांना अन्न जात नव्हते. त्याच दिवशी जल पिऊन त्यांनीही थेंब टोचून घेतला. दोन दिवसांत गाठ उठली आणि गोळ्या केराच्या टोपलीत गेल्या. पुढे दोन-तीन महिन्यांनी रुमालावर रक्त आले, तेव्हा दीर त्यांना घेऊन इस्पितळात धावले.

तिथली डॉक्टरीण प्राध्यापकांचीच जुनी विद्यार्थिनी. तिने गाठीची हकीकत ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"सर, तो थेंब क्षयजंतूंच्या प्रथिनांचा अर्क. आम्ही तपासणीसाठी रोज टोचतो!"

"मग माझा डावा हात कोरा कसा राहिला?"

"मिठाचं पाणी टोचलं असेल. सुई कोणी भरली होती?"

"बाबांनी," प्राध्यापक म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. सारे काही तोलले होते. सुई मात्र त्यांनी ज्याची परीक्षा त्याच्याच हाती ठेवली होती.

"तुम्हीच शिकवलंत ना, सर? पहारेकरी पेशी जंतू गिळते, त्याचे तुकडे करते, एक तुकडा अंगावर मिरवत लसीकाग्रंथीत जाते आणि लढाऊ टी-पेशींना दाखवते. जिला तो चपखल बसतो, ती लगेच पेटते का?"

"नाही," ते पुटपुटले. "दुसरा इशारा लागतो."

"धोका खरा असल्याचा इशारा. तो मिळाला की तिच्या हजारो प्रती होतात, आणि काही ओळख लक्षात ठेवून मागे राहतात. पुढे अर्क टोचला की त्याच धावून येतात, गाठ उठते. जंतूची ओळख झाली, एवढंच ती सांगते; वहिनींच्या सहवासात ती तुम्हालाही झाली. रोग बरा झाल्याची पावती तिच्यात कुठून आली? एवढीशी पेशी दुसरा इशारा मागते, सर. तुम्ही एकावरच व्यासपीठावर चढलात!"

पुढच्या रविवारी बाबांच्या सभेत प्राध्यापक त्याच व्यासपीठावर चढले. सोबत डॉक्टरीण आणि क्षयविभागातली एक परिचारिका.

"या सिस्टर रोज क्षयरोग्यांत वावरतात, पण शक्तिजल त्यांनी कधी चाखलेलंही नाही," ते म्हणाले. डॉक्टरिणीने इस्पितळाच्या बाटल्या सर्वांना दाखवून सिस्टरच्या डाव्या हाताला मिठाचे पाणी टोचले, उजव्या हाताला अर्क.

"अश्रद्धेच्या सावलीत शक्ती नासते!" बाबा ओरडले.

"अहो, मग ती शक्ती की दूध?" मागून एक आजीबाई म्हणाल्या, आणि सभागृहात हशा पिकला.

दोन दिवसांनी लोक पुन्हा जमले. सिस्टरचा डावा हात कोरा होता; उजव्यावर टणक गाठ होती. बाबा तोवर बिऱ्हाड गुंडाळून पसार झाले होते.

"डोळ्यांना दिसलं ते खरं माना," प्राध्यापक खाली मान घालून म्हणाले, "पण ते कशानं झालं हे ठरवण्याआधी सुई कोणी भरली ते विचारा. मी विचारलं नाही. आणि कोणाच्याही शब्दावर गोळ्या सोडू नका, माझ्यासुद्धा."

तिथून ते इस्पितळात गेले. वहिनींच्या जंतूंनी जुन्या गोळ्यांना दाद देणे सोडले होते. नवे उपचार लांबलचक होते आणि यशाची हमी कोणी देत नव्हते.

"वहिनी, सगळ्यांसमोर कबूल करून आलो. बाबानं फसवलं आपल्याला."

वहिनींनी खोकल्याची उबळ ओसरू दिली.

"त्याच्या शब्दावर मी एक गोळीसुद्धा टाकली नसती, भाऊजी. तुमच्या शब्दावर टाकल्या. दोष तुमचा आहे."