दामिनीची मैत्रीण

सात वर्षांची पोर उन्हात उकिडवी बसून तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होती, आणि शकुनबाई ओट्यावरून मघापासून तिच्याकडे बघत होत्या. रस्त्यावरून पोरांनी भरलेला शाळेचा ऑटो गेला. आतल्यांनी हात हलवले, दामिनीनंही हलवला आणि पुन्हा शेंगांत डोकं घातलं. तिचा धाकटा भाऊ शिवम नळाजवळ चिखलाचा बंधारा बांधत होता. त्यांची आई रागिणी पायरीवर बसून विचारत होती, की एका शेंगेत चार दाणे, तर अशा पाच शेंगांत किती? पोरीनं पाचही शेंगा फोडल्या. एकीत तीनच दाणे निघाले, एक किडका होता. मग किडका दाणा मोजायचा की नाही, यावर मायलेकींचं बोलणं सुरू झालं ते संपेचना.

याला म्हणे शाळा म्हणायचं.

शकुनबाई दिवाळीनंतर लेकाकडे राहायला आल्या होत्या. त्यांचं घर मूर्तिजापूरला. तिथल्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं पोरांची खिचडी शिजवली. नवरा लवकर गेला, पण शाळेच्या त्या चुलीवर त्यांनी गोपालला शिकवलं, आयटीआय करवलं, आणि तो नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात मशीन दुरुस्तीवर लागला. गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा त्यांनी काम सोडलं, घराला कुलूप लावलं आणि अमरावतीला आल्या. शाळेत असताना तांदळाच्या कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. खिचडीवाली म्हटलं की तांदूळ चोरला का म्हणून गाव तिच्या पिशवीकडे बघतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याही साऱ्या गावाकडे तशाच बघत आल्या होत्या. काम सुटलं तरी नजर सुटली नाही.

दोन्ही नातवंडं शाळेत जात नाहीत हे त्यांना फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. आल्यावर कळलं. रागिणीला विचारलं तर ती म्हणाली, की घरीच शिकवते, खेळता खेळता आणि फिरता फिरता. बाकी काही बोलली नाही. गोपालला एकटं गाठून विचारलं तर त्यानं जेवणाच्या ताटातून मान वर केली नाही.

"रागिणीनं इचार करूनच केलं, माय. तू त्यात पडू नोको."

लेक आपल्याशी बोलताना ताटाकडे बघतो म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय, हे कळायला शकुनबाईंना फार वेळ लागला नाही. पोरीला शाळेनं काढून टाकलं असेल? डोक्यानं कमी असेल? शेजारच्या बायका तेच विचारत होत्या, आडून आडून. रागिणी स्वतः डी.एड. झालेली, पण नोकरी कधी लागली नाही. त्याचा राग ती शाळेवर काढत असेल, असंही शकुनबाईंना वाटून गेलं. एका दुपारी रागिणी आंघोळीला गेलेली बघून त्यांनी दामिनीपुढे पेपर धरला. पोर एकेका अक्षराला अडखळत राहिली. पाढे विचारले तर दोनाच्या पुढे गाडी जाईना. मात्र कणीक किती घेतली तर किती पोळ्या होतात हे तिनं बरोबर सांगितलं, आणि कोणत्या पोळीला तेल जास्त लागलं तेही सांगितलं. शकुनबाईंना त्याचं कौतुक वाटलं नाही. पोळ्या काय, त्यांनाही येत होत्या. चौथीत शाळा सुटल्यावर त्यांनी तेवढंच तर केलं होतं.

एका रविवारी सगळे मिळून बडनेऱ्याहून रेल्वेनं मूर्तिजापूरला गेले. पोरांना शकुंतला नावाच्या जुन्या छोट्या गाडीचे रूळ दाखवायचे होते. गाडी बंद पडून वर्षं झाली, अरुंद रुळांत गवत माजलेलं. शिवमनं एका रुळावर पाय ठेवला, दुसऱ्यावर ठेवायला गेला आणि पडला. दामिनीनं लहान रुळांतलं अंतर टाचेला टाच लावून मोजलं. मग मोठ्या रुळांकडे जायचं म्हणून हट्ट धरला, तेव्हा गोपालनं तिला फलाटावरूनच नजरेनं मोजायला लावलं. शकुनबाईंना बरं वाटत होतं. आपल्या गावात नातवंडं हसत होती. त्यांनी सहज सुचवलं, की आता शाळेवरून जाऊ, सुट्टी असली तरी चौकीदार ओळखीचा आहे, मी कुठं स्वयंपाक करायची ते पोरांना दाखवते.

रागिणीनं आधी दामिनीकडे बघितलं. मग म्हणाली, गाडी चुकेल.

गाडीला अजून चांगला तास होता. शकुनबाईंनी ती नजर टिपली आणि परतीच्या वाटेत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. आता त्यांना सगळं लख्ख कळलं असं वाटलं. सुनेला लाज वाटत होती. खिचडीवालीची नातवंडं म्हणून पोरांनी त्या दाराशी उभं राहावं हे तिला नको होतं. शाळाच नको म्हणजे शाळेची चूलही नको.

थोड्या दिवसांनी तिवश्याहून फोन आला. रागिणीचे वडील जानराव शेतातून येताना मोटरसायकलवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. रागिणीला जावं लागलं. दवाखान्यात दोन पोरं सांभाळणं कठीण, म्हणून शिवमला तिनं सोबत नेलं आणि दामिनीला आजीपाशी ठेवलं. निघताना म्हणाली, की तिला तुमच्या मागं मागं फिरू द्या, भाजी निवडू द्या, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

शकुनबाईंनी दुसऱ्याच दिवशी पोरीच्या वेण्या घातल्या.

घराजवळच्या प्राथमिक शाळेत जमुना पोषण आहार शिजवायची. एकाच धंद्यातल्या म्हणून दोघींची ओळख बाजारातच झाली होती. जमुनानं मोठ्या बाईंना विनवलं. चार दिवस बसू द्या, आई आली की नाव टाकू, असं ठरलं. दुसरीच्या वर्गाच्या दारात दामिनी थांबली. आत गलका होता. शकुनबाई तिच्यापुढे वाकल्या.

"आईले सांगू नोको हं."

"काहून?"

"तिले वाईट वाटंल, म्हून. आपण मंग सांगू."

पोरीनं थोडा विचार केला आणि मान हलवली.

त्या दुपारी ती परत आली तेव्हा शकुनबाई फाटकातच उभ्या होत्या. कसं झालं? छान. कोणी मैत्रीण झाली का? पोरीनं चप्पल काढता काढता सांगितलं, की झाली. तिचं नाव जुईली. तिचे केस लांब आहेत, ती डब्यात दशम्या आणते, तिच्या घरी पांढरी मांजर आहे. दुसऱ्या दिवशी जुईलीनं मांजरीच्या पिल्लांची गोष्ट सांगितली होती. तिसऱ्या दिवशी दोघी लंगडी खेळल्या आणि जुईली जिंकली. जुईली हे वकिला-डॉक्टरांच्या घरचं नाव, ते या शाळेत कसं, असं शकुनबाईंच्या मनात एकदा येऊन गेलं, पण ते त्यांनी झटकून टाकलं. आजकाल कोणीही कोणतंही नाव ठेवतं. रात्री रागिणीचा फोन यायचा. दामिनी सांगायची, मी आणि आजीनं मेथी निवडली. शकुनबाई बाजूला बसून ऐकायच्या. पोर किती शहाणी आहे, असं त्यांना वाटायचं. मनातल्या मनात त्या सुनेला सगळं सांगूनही टाकायच्या, की बघ, चार दिवसांत तुझी पोर कशी फुलली.

आठवडा संपत आला तेव्हा त्यांनी गुळाच्या दशम्या केल्या, थोड्या जास्तच, जुईलीसाठी म्हणून. मधल्या सुट्टीत डबा घेऊन त्या स्वतः शाळेत गेल्या. वर्गशिक्षिका व्हरांड्यात वह्या तपासत होती. जुईली कुठं आहे, असं विचारल्यावर तिनं दोनदा नाव विचारून घेतलं. या नावाची मुलगी वर्गात नव्हती. साऱ्या शाळेतही नव्हती. आणि दामिनीबद्दल म्हणाल तर, ती म्हणाली, अगदी शांत मुलगी आहे, काही त्रास नाही. अजून तिचा आवाज मी ऐकला नाही.

शकुनबाई मैदान ओलांडून स्वयंपाकाच्या खोलीकडे गेल्या. का गेल्या ते त्यांना सांगता आलं नसतं. कदाचित शाळेतली तेवढीच एक जागा त्यांना माहीत होती. जमुना भांडी घासत होती. तिच्या पाठीमागे, तांदळाच्या पोत्याला टेकून, दामिनी बसली होती. मांडीवर हात, वेण्या तशाच घट्ट.

"रोज सुट्टीत इथंच येते," जमुना म्हणाली. "पोरं 'मुकी मुकी' म्हून मागं लागतात नं. मले वाटलं तुमाले ठाऊक असंल."

दामिनी उठली नाही. तिनं आजीच्या हातातला डबा बघितला आणि ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, जुईली आज आली नाही, आजी.

शकुनबाईंनी तिचं दप्तर घेतलं आणि तिचं बोट धरून त्या बाहेर पडल्या. वाटेत, चौकाच्या थोडं अलीकडे, एका शिंप्याच्या दुकानावर नवी पाटी होती: जुईली ड्रेसेस. शकुनबाई तिच्यापुढे थबकल्या. पोरीला वाचता येत नाही असं त्या धरून बसल्या होत्या. पाटीवरचं नाव वाचलं होतं पोरीनं.

"मले काहून नाही सांगतलं, बाई?" त्यांनी घरी आल्यावर विचारलं.

"तुले वाईट वाटलं असतं," दामिनी म्हणाली.

त्यांनी साऱ्या जगावर संशय घेतला, पण या पोरीच्या एका शब्दावर घेतला नाही. त्या रात्री गोपालनं जेवण का उतरत नाही विचारलं तेव्हा त्यांनी गुडघ्यांचं कारण सांगितलं.

रागिणी परत आली ती वडिलांना घरी सोडूनच. तिनं पाय धुतले, ती पाणी प्यायली, आणि शकुनबाईंनी दोन्ही पोरांना अंगणात पाठवून तिला सगळं सांगितलं. दशम्या, जमुना, तांदळाचं पोतं, काही वगळलं नाही. रागिणी भांडेल असं त्यांना वाटलं होतं. भांडली असती तर सोपं गेलं असतं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"बालवाडीत होती तवा रोज सांगे, आज मजा आली," ती म्हणाली. "रोज. मी बी खुश. अन् पोरगी वर्षभर वर्गात एक शब्द बोलली नव्हती, आई. कपडे ओले झाले तरी सांगे नाही. मले दुसऱ्या पोराच्या आईकडून समजलं. विचारलं तं म्हणे, तुले वाईट वाटलं असतं."

शकुनबाईंनी डोळे मिटले.

"म्हून घरी ठेवली. मातीत खेळवली, हिंडवली. कालवलेलं पीठ आवडत नाही, ऊन आवडत नाही, असं म्हणाले लावलं. 'नाही आवडलं' एवढं म्हणाले शिकाले दोन वर्सं लागली तिले. पाढे मंग येतीनच."

"हे मले सांगतलं असतं तं?"

रागिणीनं पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं.

"तुमी सारा जनम शाळेत काढला. त्याच्यावर हे घर उभं हाय. तुमच्यासमोर शाळेले नावं कशी ठेवू? त्या दिवशी मूर्तिजापूरले बी, तिले शाळेच्या फाटकाची भीती होती. तुमच्या चुलीची लाज नव्हती, आई."

शकुनबाई उठून आत गेल्या आणि उगाच डबे पुसत बसल्या.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दामिनी सगळ्याला छान म्हणू लागली. भाजी छान, थंडी छान, झोप छान. शिवमनं तिचं चिखलाचं घर पायानं मोडलं तेव्हाही ती म्हणाली, चालतं. दोघी बायका तिच्या तोंडाकडे बघत आणि मग एकमेकींची नजर चुकवत. शकुनबाई आता सुनेवर पाळत ठेवत नव्हत्या. त्या नातीवर ठेवत होत्या, आणि हा संशय पहिल्या सगळ्यांहून जड होता, कारण तो कोणाला बोलून दाखवता येत नव्हता. हसली तर खरं हसली का? खाल्लं तर आवडून खाल्लं का? रागिणीनं एवढंच सांगून ठेवलं होतं, की तिला खोदून विचारू नका. म्हणून त्या विचारत नव्हत्या. सकाळी अंगणात तिच्याबरोबर बसत, शेंगा सोलत, चिखल कालवत. आणखी एक गोष्ट तेव्हाच ठरली. जूनमध्ये शिवमला शाळेत घालायचं. तो ऑटोमागे रोज धावायचा, त्याला जायचंच होतं. सगळी पोरं सारखी नसतात, रागिणी म्हणाली, आणि शकुनबाईंना त्यात न पटण्यासारखं काही सापडलं नाही.

पुढं जानराव काठी घेऊन चालू लागले, तेव्हा सगळे तिवश्याला गेले. त्यांच्या वावरात संत्र्याची झाडं होती. पावसाळ्यात धरलेल्या मृग बहाराची फळं अजून पुरती भरली नव्हती, हिरव्यावर नुसती पिवळी झाक आली होती. शिवम मामाबरोबर विहिरीच्या इंजिनाकडे पळाला. गोपाल सासऱ्यांपाशी बसला. शकुनबाई झाडांच्या ओळीतून हळूहळू चालत होत्या आणि दामिनी त्यांच्या मागं होती. एक जरा बरं दिसणारं संत्रं त्यांनी हात उंचावून तोडलं, सोललं, आणि एक फोड पोरीला दिली. रागिणी पलीकडच्या ओळीत वाळकी पानं गोळा करत होती. तिचे हात थांबले.

दामिनीनं फोड चावली. तिच्या भुवया एकत्र आल्या. तिनं आजीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि गाल फुगवून ती तशीच उभी राहिली. शकुनबाईंनी विचारलं नाही. त्या झाडाच्या बुंध्यावरच्या मुंग्या बघत राहिल्या.

मग पोरीनं तोंडातलं सगळं मातीत थुंकलं.

"आंबट हाय," ती म्हणाली. "मले नाही आवडलं."

"हो?" शकुनबाई म्हणाल्या. त्यांनी उरलेल्या फोडी सुट्या केल्या आणि तिथंच उभं राहून, एकेक करून, बियांसकट सगळ्या खाल्ल्या.