चौथी ओळ

"आमच्या पोरीचं नाव कुठंय रे? का वशिला कमी पडला?"

चेमाने पिकअप रस्त्याच्या कडेला आडवीतिडवी उभी केली आणि खिडकीतून अर्धा बाहेर आला. इलारियो शाळेच्या मोठ्या बोर्डाखाली उभा होता. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला रबरी वाटी आणि वाटीला चिकटलेलं एक काळं अक्षर. ते त्याने सावकाश वर नेलं, पट्टीत बसवलं आणि मगच मागे वळून पाहिलं.

"लागेल की. उद्या-परवा."

"उद्या-परवा? म्हणजे मी फोटो काढायला रोज चकरा मारायच्या?"

"ओळी चारच आहेत, कोंपाद्रे. एका दिवशी चारच नावं बसतात."

"मग पहिल्या चारात का नाही? काठी तुझ्या हातात, अक्षरं तुझ्या हातात! मी असतो ना, तर पोरीचं नाव असं लावलं असतं की खाली चेरीच्या बागेतनं दिसलं असतं." चेमा खदखदून हसला. "बरं, बकरा ठरवलाय. शनिवारी पहाटे निखाऱ्याच्या खड्ड्यात घालायचा म्हणजे दुपारपर्यंत लोण्यासारखा होतो. काळजी करू नको, खर्च माझा. धर्मपिता आहे मी तिचा, तुझा कोंपाद्रे, गंमत नाही!"

हॉर्न वाजवत तो गेला. इलारियो बोर्डाकडे तोंड करून उभा राहिला. लेकीचं नाव उद्या लागणार नव्हतं, परवाही लागणार नव्हतं, आणि हे त्याला सकाळीच कळलेलं होतं.

एकोणीस वर्षं तो या शाळेत झाडलोट, दुरुस्ती, बॉयलर असं सगळं पाहत होता. दर जूनमध्ये बारावीतल्या हुशार मुलांची नावं रस्त्यावरच्या बोर्डावर लावायची, हेही त्याचंच काम. बागमालकांची मुलं, डॉक्टरांची मुलं, पाद्र्याच्या पुतण्या, सगळ्यांची नावं त्याच्या हाताने वर चढली होती. लेक नायेली नववी-दहावीत पहिल्या पाचांत यायला लागली, तेव्हापासून तो मनात दिवस मोजत होता. मनात मोजले असते तरी ठीक होतं. पण हे गृहस्थ न्हाव्याकडे बोलले, चर्चच्या पायरीवर बोलले, टॉर्टियाच्या दुकानात रांगेत उभं राहून बोलले. यंदा स्वतःच्या हाताने स्वतःच्या पोरीचं नाव लावणार, मग पोरगी सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात जाणार. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं या बापाचं झालं होतं.

सकाळी ऑफिसात मिसेस हॅगनने नावं दिली तेव्हा त्याने ती वरून खाली वाचली, मग खालून वर.

"बाई, एक नाव राहिलंय बहुतेक."

मिसेस हॅगनने चष्मा काढला. ती शाळेची जुनी कारकून. इलारियोला इंग्रजी धड येत नव्हतं तेव्हापासून त्याला ओळखायची.

"नाही राहिलं, इलारियो. यंदा अकराच आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "केमिस्ट्रीत डी आहे तिला. गणितातही. घरी बोलली नाही का ती?"

"बोलली, बोलली," तो घाईघाईने म्हणाला. "मीच विसरलो."

असं काही कुठला बाप विसरतो? पण मिसेस हॅगनने मान डोलावली, आणि त्या मान डोलावण्याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला ते लेक आपणहून काही बोलेल म्हणून. बायको ओफेलिया चेरीच्या पॅकिंग शेडमधून उभ्या-उभ्या थकून आली होती, तरी शनिवारच्या जेवणाचा हिशेब लावत होती. भात कुणाकडून, खुर्च्या कुणाच्या, चेमाच्या बायकोला केक सांगायचा की तीच आणणार. नायेली ताटातला राजमा टॉर्टियाने इकडून तिकडे ढकलत होती.

"मार्क काय म्हणतात, मिहा?" इलारियोने शेवटी लेकीला विचारलं.

"ठीक आहेत, आपा," ती बापाकडे न बघता म्हणाली.

ओफेलियाचा हात तव्यावरच थांबला. तेवढ्याने इलारियोला कळायचं ते कळलं.

"तुला माहीत होतं," तो बायकोला म्हणाला.

"म्हाताऱ्या, आधी जेवून घे."

"माहीत होतं का नाही?"

"मार्चपासून माहिती आहे," ओफेलिया म्हणाली. "सिअ‍ॅटलहून नकार आला तेव्हापासून. कुठल्या तोंडाने सांगणार होते? तू रोज नवा माणूस गाठून सांगून यायचास."

"म्हणजे गावभर मी एकटाच गाढव!"

"कुणी गाढव नाही म्हटलं तुम्हाला," नायेली म्हणाली. ती रडत नव्हती, पण आवाज चिरकला होता. "पहिल्या टर्मला गडगडले मी. म्हटलं, पुढच्या परीक्षेत भरून काढीन, मग सांगीन. पुढच्या परीक्षेत आणखी कमी आले. केमिस्ट्री मला कळतच नाही, आपा. बसते, वाचते, रात्री वाटतं कळलं, सकाळी पाटी कोरी. आणि तुम्ही सगळ्यांना आधीच सांगून मोकळे. मग मी कधी सांगणार होते?"

खरं तर त्याने इथे गप्प बसायला हवं होतं. पण लाज वाटलेल्या माणसाला गप्प बसणं जमत नाही.

"एकोणीस वर्षं लोकांच्या पोरांचे संडास धुतले मी," तो म्हणाला. "ते या दोन डींसाठी?"

नायेली उठली, ताट मोरीत ठेवलं, खोलीत गेली. दार आपटलंसुद्धा नाही. ओफेलियाने तवा खाली उतरवला. म्हणाली, "शनिवारचं रद्द करते. चेमाला मी सांगते."

"नको. मी सांगतो."

त्याने सांगितलं नाही. बुधवारी दुसरी चार नावं लावली. टॉर्टियाच्या दुकानातल्या बाईने विचारलं, "उद्या ना?" तेव्हा त्याच्या तोंडून "हो" निघून गेलं. न्हावी रस्त्यापलीकडून ओरडला, "इलारियो, मिठाई कधी?" त्यालाही हात हलवून झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ही मूठ झाकायला आता एकच दिवस उरला होता.

गुरुवारी तीन नावं होती. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ. चौथी रिकामी.

मुलं वर्गात होती, रस्त्यावर कुणी नव्हतं. इलारियोने अक्षरांची पेटी मिटली. मग परत उघडली. त्याने स्वतःला सांगितलं की फक्त बसतंय का ते बघू, लगेच काढू. पहिलं अक्षर लावताना त्याला वाटलं, आता कुणीतरी खिडकीतून हाक मारील. कुणीही मारली नाही. आडनाव लागलं, आणि तो दोन पावलं मागे सरकला. नायेली बुस्तोस. शेतमालकाच्या पोराच्या खाली, तेवढ्याच उंचीची, तेवढीच काळी अक्षरं. खोटं आहे हे त्याला पक्कं माहीत होतं, तरी छाती भरून आली. माणूस असाच असतो.

काढायचं, काढायचं म्हणत तो बॉयलरच्या खोलीत जाऊन बसला. जेवणाच्या सुट्टीत मिसेस हॅगन दारात आली. ती कधी तिकडे येत नसे.

"मी काही बघितलं नाही, इलारियो," ती म्हणाली. "पण प्राचार्य संध्याकाळी परत येणारेत."

तो ताडकन उठला, काठी घेतली, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. चेमाने येता-जाता फोटो काढून सगळ्यांना पाठवला होता. ओफेलियाच्या बहिणीला, चर्चमधल्या मंडळींना, मेक्सिकोत मिचोआकानला इलारियोच्या थोरल्या भावाला. भावाने लिहिलं होतं, "आईच्या थडग्यावर फुलं घालून आलो आत्ता. तिला सांगितलं."

इलारियो पुन्हा खाली बसला. आता ते नाव काढायचं म्हणजे आईच्या थडग्यावरची फुलं उचलून आणायची. बायकोचा एक निरोप होता, "हे काय केलंस?" त्यानंतर तिने फोनच उचलला नाही.

शाळा सुटल्याची घंटा झाली. तो खोलीतच बसून राहिला. बाहेर मुलांचा गलका उठला, बसची दारं उघडली-मिटली. मग दारात नायेली उभी राहिली. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"कुणी काही बोललं का?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. ज्यांची नावं खरी लागलीत ना, ते माझ्याकडे बघेनात." तिने हात पुढे केला. "काठी द्या, आपा."

"मी काढतो. सगळे जाऊ देत, मग मी—"

"आत्ता काढायचंय. मीच काढते."

"मिहा, लोक बघतायत."

"लावताना नाही आठवले लोक?"

त्याने काठी दिली. ती पुढे, तो पेटी घेऊन मागे. एकोणीस वर्षांत त्या आवारातून तो कधी असा मान खाली घालून चालला नव्हता. मुलांना न्यायला आलेल्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागलेली होती आणि प्रत्येक काचेआड एकेक ओळखीचं तोंड होतं.

नायेलीला ती काठी वापरायची सवय नव्हती. रबरी वाटी अक्षराला चिकटेना. चिकटली की अक्षर पट्टीतून निघेना. पहिलं अक्षर खाली पडलं आणि त्याचा कोपरा तुटला. दुसरं निघालं. तिसऱ्याच्या वेळी चेमाची पिकअप आली. मागे फुग्यांचा एवढा मोठा झुबका बांधलेला, सोनेरी आणि निळे, शाळेच्या रंगांचे.

"ए पोरी, काढतेस काय?" चेमा ओरडला. "मी तुझ्या धर्ममातेला दाखवायला आणतोय संध्याकाळी!"

नायेलीने काठी खाली घेतली. धर्मपित्याशी ती हळू बोलली असती तरी चाललं असतं. पण तिने हळू सांगितलं नाही.

"माझं नाव यात नव्हतंच, पाद्रीनो. केमिस्ट्रीत डी आहे मला, गणितातही डी. सिअ‍ॅटलला घेतलं नाही. मी इथल्याच दोन वर्षांच्या कॉलेजात जाणारे." तिला दम लागला होता. "बकरा कापायचा का नाही, ते तुम्ही ठरवा."

चेमाचं तोंड उघडं राहिलं. त्याने इलारियोकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"तुला कळलं कधी?" त्याने विचारलं.

आताही सुटायला एक वाट होती. मिसेस हॅगनची चूक, ऑफिसची चूक, काहीही म्हणता आलं असतं आणि चेमाने ते मानलंही असतं. इलारियोने पेटी जमिनीवर ठेवली.

"मंगळवारी सकाळी," तो म्हणाला. "तू पहिल्यांदा विचारलंस त्याच्या आधी. पोरीने खोटं नाही लावलं, कोंपाद्रे. मी लावलं. तिची लाज वाटली मला, म्हणून."

हे शेवटचं वाक्य त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. ते तोंडाबाहेर पडल्यावर त्याने लेकीकडे पाहिलं. नायेली बोर्डाकडे बघत होती. तिने ते ऐकलं होतं, आणि तिला ते नवीनही नव्हतं.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. चेमाने पिकअप पुढे घेतली; फुगे एकमेकांवर आपटत लांब गेले. शनिवारचं तो काहीच बोलला नाही.

नायेलीने उरलेली अक्षरं काढली. हळूहळू तिला ती युक्ती जमली. शेवटचं अक्षर मात्र घट्ट बसलं होतं. तिने जोर करून ओढलं आणि त्या धक्क्याने वरच्या ओळीतलं शेतमालकाच्या पोराचं आडनाव घसरून वाकडं झालं.

"ते राहू दे," ती म्हणाली आणि काठी भिंतीला टेकवली. "चला आपा, घरी."

इलारियो वर बघत उभा राहिला. मग त्याने काठी उचलली.

"असं कसं ठेवायचं," तो म्हणाला. "त्याच्याही घरचे बघतील."

एकेक अक्षर तो पुन्हा ओळीत आणू लागला. डोळे भरून आले होते, त्याला नीट दिसत नव्हतं. नायेली दप्तर खाली ठेवून मागे रस्त्याच्या कडेपर्यंत गेली.

"डावीकडे," ती तिथून म्हणाली. "अजून थोडं. अजून."

त्याने अक्षर सरकवलं.

"बस. आता सरळ आहे."