चौथं बोट

चौथं बोट पुन्हा तळव्याकडे वळलं आणि ओदील कार्पांतियेचा उजवा हात पियानोच्या पट्ट्यांवर मध्येच थांबला.

"काय झालं, मादाम?" पहिल्या रांगेतून तोगाशींनी विचारलं.

"पट्टी अडकतेय," ती म्हणाली. "वरची. उजवीकडची."

पट्टी अडकत नव्हती. हे तिला ठाऊक होतं.

तोगाशी उठले. सत्तरीला टेकलेला, बारीक चणीचा माणूस. तरुणपणी पॅरिसमध्ये पियानोच्या कारखान्यात तीन वर्षं काढलेली, त्यामुळे फ्रेंच बोलायचे. जपानच्या प्रत्येक दौऱ्यात, गेली सव्वीस वर्षं, ओदीलचा पियानो तेच जुळवत. त्यांनी पट्ट्यांचा अख्खा सांगाडा बाहेर ओढला आणि तारांवर आपटणारी एकेक हातोडी उचलून पाहू लागले.

सकाळचे साडेदहा वाजले होते. कार्यक्रम दोनला होता.

ओदील एकसष्ट वर्षांची होती. फ्रान्समधल्या रूबेच्या कापडगिरणीतल्या फिटरची मुलगी. एकोणिसाव्या वर्षी स्पर्धा जिंकली, तेव्हापासून वर्षाला शंभर कार्यक्रम. तिची मुलगी क्लेमान्स वाढली ती मावशीकडे. तिचा पहिला दात पडला तेव्हा ओदील ब्यूनोस आयर्सला होती. एवढं सगळं पाठ कसं राहतं, असं लोक विचारत. "माझ्या नाही, बोटांच्या लक्षात राहतं," ती हसून सांगायची.

गेल्या वसंतात लिऑंच्या डॉक्टरांनी तो हात उलटसुलट करून पाहिला होता. "हात धडधाकट आहे. मेंदूकडून निघालेला हुकूम वाटेत चुकतोय."

"बरं होईल?"

डॉक्टर खाली मान घालून लिहीत राहिले होते.

त्यानंतर रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी ती पांघरुणात ते बोट हलवून बघायची. कुणाला सांगितलं नव्हतं. क्लेमान्सलासुद्धा नाही. सांगितलं की सगळे थांबायला सांगतील, आणि थांबल्यावर काय करायचं असतं हे तिला माहीत नव्हतं.

साडेअकराला सभागृहाचे व्यवस्थापक इसुरुगी आले. पट्ट्या अजून बाहेरच पाहून त्यांचा चेहरा बदलला. ओदीलला कमरेत वाकून नमस्कार केला आणि मग ते तोगाशींकडे वळले. जपानी तिला मोजकंच यायचं, पण सव्वीस वर्षांत कान तयार झाले होते.

"अहो, काय चाललंय हे? काल संध्याकाळी तुम्हीच म्हणालात ना, सगळं झालंय म्हणून?"

"माझंच चुकलं," तोगाशी म्हणाले.

"चुकलं म्हणून कसं चालेल? वय झालं असेल तर तसं सांगावं माणसानं. दुसऱ्या जुळवणाऱ्याला, योनेमोरींना फोन करतो. अर्ध्या तासात येतील ते."

तोगाशी वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग खाली बसून अवजारं फडक्यात गुंडाळू लागले.

ओदीलने हिशेब केला. गप्प बसलं तर दुसरा माणूस येईल, त्यालाही काही सापडणार नाही, आजचा दिवस निभावेल. ती गप्प बसलीही. तीन हत्यारं गुंडाळून होईपर्यंत बसली.

"तोगाशी-सान, थांबा. यांना सांगा, पियानोत काही बिघाड नाही. माझ्या हातात आहे."

तोगाशींनी वर पाहिलं नाही. ते इसुरुगींशी बराच वेळ, तिला पुरतं कळू नये इतक्या भराभर काहीतरी बोलले. इसुरुगी मान डोलवत छताकडे, हवेच्या यंत्राकडे बघू लागले. जपानीत हाताला 'ते' म्हणतात, एवढं तिला येत होतं. तो शब्द त्यात नव्हताच.

"काय सांगितलंत तुम्ही?"

"दमट हवेनं लाकूड फुगलंय म्हणालो."

"मी असं म्हटलं नव्हतं."

"मादाम," ते हळू आवाजात म्हणाले, "एकदा बोललात की परत घेता येणार नाही. उद्या सोलच्या आयोजकांना कळेल, परवा पॅरिसच्या."

"तुम्हाला माहीत होतं?"

"गेल्या वर्षी नागोयाला तुमच्या वाजवण्यात ऐकलं. तेव्हापासून तुमच्यासाठी पट्ट्या हलक्या करत आलोय. आता याहून हलक्या होत नाहीत."

म्हणजे आजवर जे निभावलं, तेसुद्धा तिचं एकटीचं नव्हतं.

तिने उजवा हात इसुरुगींसमोर धरला. "ते," ती म्हणाली. पुढचा शब्द आठवायला वेळ लागला. "वारुई." वाईट.

इसुरुगी पांढरे पडले. आधी तिच्याकडे, मग तोगाशींकडे पाहत राहिले. मग तोगाशींपुढे इतके खाली वाकले की त्यांच्या खिशातलं पेन जमिनीवर पडलं.

"रद्द करायचं का?" इसुरुगींनी विचारलं. या वेळी तोगाशींनी तिचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं: "नाही. शेवटची रचना वगळा. तिच्याऐवजी एक सावकाश आहे, ती वाजवते. आणि लोकांना खरं कारण सांगा."

दोन वाजता इसुरुगींनी रंगमंचावर जाऊन सांगितलं. ज्यांना पैसे परत हवेत त्यांना मिळतील, असंही सांगितलं. पडद्याआड ओदील लोक उठून जाताना खुर्च्या वाजतील याची वाट पाहत उभी होती. चार हजारांवर कार्यक्रम झाले होते, पण पहिल्या स्पर्धेच्या दिवशीही असं भ्यायली नव्हती ती. आपण घसरतो कधी हे पाहायलाच आता सगळे बसणार.

खुर्च्या वाजल्या नाहीत.

दुसऱ्या रचनेत बोट वळलं. तीन सूर गळाले, बाराशे माणसांसमोर, लख्ख उजेडात. उरलेल्या चार बोटांनी वाट काढत ती पुढे गेली. शेवटच्या सावकाश रचनेत तिने चौथं बोट लावलंच नाही. ते तळव्यात दुमडलेलं राहू दिलं. भीती तरीही शेवटच्या सुरापर्यंत सोबत होती.

नंतर बाहेरच्या दालनात सह्यांसाठी रांग लागली. पेन उजव्या हातात टिकेना, म्हणून तिने ते डाव्या हातात घेतलं. पहिली बाई तिच्याच वयाची. दोन्ही हातांनी तिने कार्यक्रमपत्रिका पुढे केली. ओदीलने आपलं नाव लिहिलं. पाच रोमन अक्षरं, मोठी, वाकडी, एकमेकांपासून लांब लांब. शाई वाळेपर्यंत बाईने कागद तळहातांवर सपाट धरून ठेवला, मग बाजूला झाली.

ओदीलने पुढचा कागद जवळ ओढला.