घासलेलं नाणं

"बघा, आता कसं नाण्यासारखं दिसतंय," बायको म्हणाली आणि तिने माझ्या तळहातावर तांब्याचा लखलखीत तुकडा ठेवला.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. कधीच बुडालेल्या एका साम्राज्याचं ते सगळ्यात हलकं नाणं. त्याच्या काळीसुद्धा त्याला कुणी फारसं विचारत नसणार. पण दीडशे वर्षांत तांब्यावर चढलेला काळपट थर त्यावर शाबूत होता, आणि नाणी जमवणाऱ्यांचा सगळा जीव त्या थरात. तो घासायचा नसतो, हे मी घरात कधी सांगितलंच नव्हतं. टपालखात्यात हयात घालवून चारचौघांत दाखवण्याजोगं माझ्याकडे हे एवढंच होतं. उद्या आमच्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाच्या प्रदर्शनात ते पहिल्यांदाच काचेत बसणार होतं.

बायको वाद्यांच्या कारखान्यात तीस वर्षं पितळी कर्णे घासते. तिच्या हाताखालून गेलेल्या कर्ण्यात बघून खुशाल दाढी करावी. माझं चारचौघांत कौतुक व्हावं म्हणून तिने अर्धा दिवस रजा टाकली होती. आता तिला काय बोलणार, कपाळ?

"छान झालंय," मी थाप मारली.

सकाळी ठेवणीतले कपडे घालून ती माझ्यासोबत आली. मंडळाचे चिटणीस भिंग घेऊन नाण्यावर वाकले आणि तसेच थांबले.

"हे कुणी घासलं?"

"त्याचं काय झालं, माझ्याकडून जरा..."

"मी घासलं," बायको मध्येच म्हणाली. "एक ओरखडा काढून दाखवा."

चिटणीसांनी पुन्हा पाहिलं. "ओरखडा नाही, बाई. हात सुरेख आहे तुमचा. पण नाण्याचं वय गेलं. तो काळा थर होता म्हणून याला मोल होतं. तो काही आता परत येत नाही."

ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला कालच कळलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू केवढी खूश होतीस."

"कारखान्यात माझी चूक मला तोंडावर सांगतात. तुम्हाला काय झालं होतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाण्याचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं.

चिटणीस हळूच नाणं उचलायला लागले. "राहू द्या ते," ती म्हणाली. तिने त्यांच्याकडून पेन मागून घेतलं, नाण्यासोबतच्या माहितीच्या कार्डावर मी कोरून काढलेलं 'मूळ स्थितीत' खोडलं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पॉलिश केलेलं'.

मग संध्याकाळपर्यंत ती त्या काचेपाशी उभी राहिली. येणारा प्रत्येक जण आधी त्या चकाकीकडेच वळायचा. ती त्याला शेजारचं काळं नाणं दाखवायची.

"नाणं असं असावं लागतं," ती सांगायची. "आणि हे मी घासलंय. तुम्ही घासू नका."