रविवारच्या फेरीचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. शहर दाखवणारे गाइड कमरेला बांधतात ना, डब्याएवढा, त्यातला. माझी जाळी एका कोपऱ्यात चेपली आहे आणि रंग धन्याच्या पोटाला घासून उडाला आहे. या हकिकतीत माझं काम थोडंच आहे. भोंग्याचं तसंच असतं, बोलणारा दुसराच असतो.

शेवटचा साधा दिवस शुक्रवार होता. सकाळी गाइड माझा पट्टा बांधत होते आणि मास्तर समोर बसून पावाला लोणी लावत होते.

"एक भोक पुढे सरकलं," मास्तर म्हणाले. "पोट आधी पोचतं, गाइड मागून येतो."

"पट्टा आटलाय. कुणी शिवला होता हा?"

"ज्यानं शिवला, त्यानं माणसाच्या मापाचा शिवला होता."

गाइडांची मुलगी कामावर जाता जाता भाजी द्यायला आली होती. ती हसली, "बाबा, गोळी घेतलीत ना? काका, येते," म्हणाली आणि गेली. इतकंच.

मास्तर नाटकांचे कपडे शिवत. मुलीची आई वारली, त्यानंतर वर्षभरानं ते वरच्या खोलीत राहायला आले. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. दारात कुणीही आलं की 'वरचे भाडेकरू' अशी ओळख करून द्यायची, हे तेव्हाच ठरलं. माझा पट्टा उसवला की मला वर नेत, म्हणून सांगतो: वर शिवणयंत्र आहे, राजांचे अंगरखे आहेत, शिपायांच्या विजारी आहेत, पलंग नाही. कधी नव्हताच. सुईदोरा आणायला वर पळणाऱ्या मुलीला हे दिसत होतं. ती विचारेल म्हणून बाबा थांबले आणि ते सांगतील म्हणून ती थांबली. अशी सव्वीस वर्षं गेली.

माझा जन्म एका कारखान्यातला. एका बाईनं माझ्यात फुंकर मारून 'एक, दोन, तीन' म्हटलं आणि मला खोक्यात घातलं. गाइडांनी मला घेतलं तेव्हापासून सोमवार ते शनिवार मी घड्याळाचा मनोरा, पूल आणि जुना बाजार मोठ्यानं सांगत असे. रविवारची फेरी वेगळी. ती समलिंगी प्रवाशांसाठी असे. कुठल्या लॉजमध्ये दोघांनी एक खोली मागितली तर मॅनेजर नुसती किल्ली काढून देतो, कुठल्या नाट्यगृहात मध्यंतरात हात धरून उभं राहता येतं, कुठली गल्ली टाळायची, हे सगळं गाइड त्यांना सांगत.

संग्रहालयात मी बंद असे. तिथे एका चित्रकारानं एकच माणूस अकरा चित्रांत रंगवला आहे, मिसरूड फुटल्यापासून टक्कल पडेपर्यंत. पाटीवर लिहिलंय, 'चित्रकाराचा नोकर'. गाइड एवढंच म्हणत, "नोकराचं टक्कल इतक्या मायेनं कुणी रंगवतं का हो?" सगळे हसत. एखादा हसता हसता डोळे पुसे. निघताना गाइड हटकून सांगत, "पळतो आता. आमचे मास्तर जेवायचे थांबलेत." मुलीलाही ते या फेरीला बोलावत. तिला नेमकं रविवारी काम निघे.

त्या शुक्रवारी मनोऱ्याच्या पायऱ्यांवर त्यांचं वाक्य अर्धं राहिलं आणि ते माझ्यावरच कोसळले. जाळी तेव्हा चेपली.

दवाखान्यात मला त्यांच्या चपलांबरोबर पिशवीत घालून मुलीच्या हातात दिलं. नर्स म्हणाली, "आत फक्त घरचे. हे कोण?"

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं.

"वरचे भाडेकरू आहेत," मुलगी म्हणाली.

तिनं ठरवून काही केलं नाही. इतकी वर्षं दारात म्हटलेलं वाक्य तेवढं तोंडातून गेलं. नर्सनं मास्तरांना बाहेरचा बाक दाखवला. मुलीला नंतरही सांगता आलं असतं. पण मग आधी असं का सांगितलं, तेही सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाइडांनी डोळे उघडले. "मास्तर कुठेत?"

"बाहेर बसलेत, बाबा."

"मग बोलाव की."

"बोलावते."

ती दारापर्यंत गेली. नर्स खाली मान घालून काही लिहीत होती. मुलगी तिथे जरा वेळ उभी राहिली आणि परत येऊन खुर्चीवर बसली. तासाभरात सगळं संपलं.

मास्तर बाकावरून उठले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "काही म्हणाले का?"

"नाही, काका. झोपेतच होते."

पुढचे आठ दिवस मी फळीवर पडून होतो. धुळीचं मला काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते मास्तर वरचे अंगरखे खाली आणून घड्या घालू लागले तेव्हा.

"महिनाअखेर खोली रिकामी करतो, पोरी."

"काका, असं काय बोलता?"

"भाडेकरूनं दुसरं काय बोलायचं?" रागावून नव्हे, सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले.

रविवारी फेरीची माणसं येणार होती. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. मुलीनं मला पुसलं, कमरेला बांधलं आणि ती निघाली. मास्तर चार पावलं मागून आले आणि दिव्याच्या खांबाआड उभे राहिले. मनोऱ्याच्या पायऱ्यांवर सतरा माणसं जमली होती. मुलीनं बातमी सांगितली. दरवर्षी फेरीला येणाऱ्या, टोपीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "आणि त्यांचे मास्तर? ते कसे आहेत?"

परगावच्या माणसांना ठाऊक होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ झटकत जा, त्यांची बॅटरी काढून ठेवत जा, हे मी सांगेनच. पण आपल्या माणसाला परकं नाव देऊ नका. ते नाव एखाद्या दिवशी त्याला दाराबाहेर बसवतं.

मुलीनं माईक तोंडाशी धरला. तिचा श्वास माझ्यातून खरखरत गेला.

"ते त्या खांबापाशी उभे आहेत," ती म्हणाली. "माझ्या बाबांचे जोडीदार. मला दहाव्या वर्षापासून माहीत आहे. काका, बाबा झोपेत नव्हते. ते तुम्हाला आत बोलावत होते. मी दारापर्यंत आले होते, आणि मी परत फिरले."